चौथ्या गिरकीनंतर

बाई चष्मा घ्यायला तालमीच्या हॉलवर परतल्या, तेव्हा भर दुपार होती. संध्याकाळी त्यांच्या गाजलेल्या बॅलेचा प्रयोग, म्हणून सगळे लवकर जेवायला गेलेले. जिन्यातच राळेचा वास आला. पाय घसरू नये म्हणून नर्तकी बुटांचे तळवे राळेत घासतात. हॉलच्या दाराशी तिची पेटीच असते. आत कुणीतरी ती राळ करकर चिरडत होतं.

नायिकेचं काम करणारी पोरगी एकटीच नाचत होती. चौथी गिरकी झाली आणि ती न थांबता पुढे गेली.

"थांबा कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

त्या थांब्यावर तर बाईंचं नाव झालं होतं. चौथ्या गिरकीनंतर डावा पाय टेकवून दोन मात्रा निश्चल उभं राहायचं. तीस वर्षं जाणकार त्यावर माना डोलवत आले होते.

"त्या मावशी म्हणाल्या, काढून टाक..."

"कोण मावशी?"

"आरशाशी बसतात त्या. म्हणाल्या, तिथं माझा गुडघा दगा द्यायचा, म्हणून मी थांबायचे. त्या बयेनं तेही उचललं. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणाल्या." पोरगी ओशाळली. "मला वाटलं, तुमची जुनी ओळख असेल... थट्टा करत असतील."

ओळख होतीच. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दोघी एका खोलीत राहायच्या, आणि हा नाच भिंगरीनं बसवला होता, रोज थोडा थोडा, बाईंच्या डोळ्यांदेखत. ती आजारात गेली आणि वर्षभरात बाईंनी तो आपल्या नावावर रंगमंचावर आणला. चोरी केली ती केली, वर आपण काय चोरतोय तेही त्यांना कळलं नव्हतं. मैत्रिणीचं दुखणं त्यांनी तीस वर्षं पोरींना कला म्हणून शिकवलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरशाशी खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर फरशीवर राळेची पांढरी भुकटी पडली होती.

"आज सांगते," बाई खुर्चीकडे बघत पुटपुटल्या. "सगळ्यांसमोर... तुझं नाव घेते."

संध्याकाळी पोरगी थांब्याशिवाय नाचली आणि तो नाच पहिल्यांदाच पुरा झाल्यासारखा वाटला. मग बाईंच्या हाती माइक आला. थिएटर भरलेलं, पहिल्या रांगेत लेक, सून, नात. बाईंनी घसा खाकरला.

"हा नाच..." त्या म्हणाल्या. नात हसून हात हलवत होती. "हा नाच मी बसवला, तेव्हा मी पंचविशीत होते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना स्वतःची किळस आली. मान खाली घालून त्या विंगेकडे निघाल्या. एक, दोन, तीन, चार पावलं... आणि डावा पाय जागीच राहिला. दुखत नव्हता, नुसता उचलत नव्हता. दोन मात्रांनी सुटला.

डॉक्टरांना गुडघ्यात काही सापडलं नाही. बाई आता घरातही चार पावलांवर थांबतात, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या शेजारून, न थांबता, पुढे निघून जातं.

"आई," परवा सून फरशी पुसता पुसता म्हणाली, "या वयात ते नाचाचे बूट घालून कशाला फिरता? सगळीकडे राळ झालीय."

बाईंनी पायांकडे पाहिलं. त्या अनवाणी होत्या.