दुसरं टोक

भिंगराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे ते त्याला चिकटलं होतं. काम किचकट, पण त्याच्या एकलकोंड्या स्वभावाला मानवणारं. जुनं रीळ यंत्रातून संगणकात उतरवून घ्यायचं आणि मग पडद्यावर एकेक फ्रेम सरकवत धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे. डाग काढायचा म्हणजे त्याच्याभोवती रेघ मारायची. यंत्र मागच्या-पुढच्या फ्रेममधला तेवढाच स्वच्छ तुकडा उचलून तिथं बसवतं. ठिगळ कळतसुद्धा नाही. मूळ रिळाला धक्का लागत नाही, ते कपाटात तसंच राहतं.

सध्या हातात होता एका संपावरचा सिनेमा. कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, आता जग बदलणार म्हणून फाटकासमोर नाचले, तो पहिला भाग. बऱ्याच वर्षांनी तीच माणसं त्याच आवारात पडलेल्या चेहऱ्यांनी बोलतात, तो दुसरा.

"काय भिंगराव, झाली का क्रांती?" शेजारच्या खोलीत सिनेमांचे आवाज साफ करणारा आवाजवाला दारातून डोकावून विचारायचा.

"अजून दुसऱ्या रिळात आहे."

"सावकाश होऊ द्या. पुढे फसणारच आहे."

त्या दुसऱ्या रिळात, फाटकासमोरच्या नाचात, भिंगरावला स्वतःची बायको दिसली.

विशीतली. वेणी खांद्यावरून पुढे आलेली. लांबलचक कापडी फलकाचं एक टोक तिच्या हातात होतं आणि ती हसत होती, मान मागे टाकून, अगदी मोकळी. उभ्या संसारात त्यानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. फलकाचं दुसरं टोक बाह्या दुमडलेल्या एका उंच पोराच्या हातात होतं. हसणं कुणासाठी होतं ते कळायला भिंगाची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी दोघं वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. हे काम त्यांच्या घरी दोघांनी मिळून करायचं. दोन टोकं तिची, दोन त्याची. ताणायचं, झटकायचं, मग चालत जवळ येऊन टोकाला टोक जुळवायचं. तेवढ्या वेळात ती नेहमी चादरीकडे बघायची.

"संपाच्या सिनेमात तू आहेस," तो म्हणाला.

"असेन. तेव्हा सगळेच होते."

"फलकाचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"धरलं असेल कुणीतरी. अहो, ओढा ना नीट, सुरकुत्या पडताहेत."

दुसऱ्या भागात तो पोरगा नव्हताच. त्याच्याबद्दल एक म्हातारा कामगार कॅमेऱ्याला सांगत होता, "त्याला पोलिसांनी याच फाटकातून नेलं. पुढे काय झालं, कोण जाणे." भिंगरावला वाईट वाटायला हवं होतं. त्याच्या मनात मात्र आलं, मेला असता तर बरं होतं. हरवलेल्या माणसाची वाट बघता येते.

दुसऱ्या दिवशी त्यानं साफ केलेल्या फ्रेम पुन्हा तपासल्या. काल पोरगा तिच्याकडे बघत होता. आज तो सरळ समोर, पडद्याबाहेर बघत होता. आपलीच नजर चुकली असेल, असं म्हणत त्यानं चष्मा पुसला. त्यानंतरच्या दिवशी पोराच्या ओठांवर बारीकसं हसू होतं. ते तिला पाहून आलेलं नव्हतं.

सगळे जेवायला गेल्यावर भिंगरावनं पोराभोवती रेघ मारली. डागाभोवती मारतात तशी, एकेका फ्रेममध्ये. पोरगा डुलत होता, त्यामुळे मागची भिंत कुठं ना कुठं उघडी पडतच होती. यंत्रानं तिच्या विटा उचलल्या आणि त्याच्या जागी बसवल्या.

फलक मात्र खाली आला नाही.

दुसरं टोक हवेत ताठ उभं होतं. जरासुद्धा झोळ नाही. आणि ती विटांकडे बघून हसत होती.

त्यानं घाईघाईनं आधीचं परत आणायची कळ दाबली. पुन्हा विटाच आल्या. कपाटातून मूळ रीळ काढून त्यानं उजेडाच्या काचेवर पसरलं, भिंग लावलं. तिथंही विटा. जेवून परतलेल्या आवाजवाल्याला त्यानं हाक मारली.

"जरा बघता का? इथं कोण दिसतंय?"

"अहो, या आपल्या वहिनी! काय गोड हसताहेत."

"आणि त्यांच्या शेजारी?"

"शेजारी?" आवाजवाला वाकून बघत राहिला. "भिंत आहे की. बरं वाटत नाही का? घरी जा बघू."

घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. दार लोटलेलं होतं. आतून हसणं ऐकू आलं. त्या रिळाला आवाज नव्हता, तरी त्यानं ते ओळखलं.

त्यानं दार ढकललं.

बाहेरच्या खोलीत चादर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरलेली होती. अलीकडची दोन टोकं तिच्या हातात होती, पलीकडची नुसती हवेत.

"नीट धर रे," ती म्हणत होती. "लोळतेय खाली."

भिंगरावला तिनं कधी 'अरे' म्हटलं नव्हतं.

तिनं मान वळवली. "आलात? तुम्ही बसा. दमला असाल."

चादर झटकली गेली. दोन्हीकडून.

मग पलीकडची दोन टोकं, भिंगराव धरायचा त्यापेक्षा वीतभर वर, सावकाश तिच्याकडे येऊ लागली. आणि ती चादरीकडे बघत नव्हती.