न धुतलेली पुंगळी

झाडलेल्या गोळीची पुंगळी दुकानात आली की आधी काकूंच्या हाताखालून जायची. निळ्या टबात व्हिनेगर, मूठभर मीठ आणि गार पाणी. काजळी सुटून पितळ हसायला लागलं की काका ती लेथवर चढवायचे. किल्लीचे छल्ले, पेनं, टेबलावरच्या घंट्या. तोफेच्या मोठ्या पुंगळ्यांचे दिवे आणि फुलदाण्या. गिऱ्हाइकं हौसेनं न्यायची. ज्या वस्तूनं कुणाचा जीव घेतला असेल तिच्यात गुलाब खोचावा, असा हा माणसाचा स्वभाव. बापड्या काकू तरी काय करणार! देवाचं नाव घ्यायच्या आणि घासायच्या.

लेथच्या किंचाळण्यानं काकांचे कान वीस वर्षांपूर्वीच गेले होते.

"माझी बोलणी टळावीत म्हणून बहिरे झाले," काकू भंगारवाल्याला सांगायच्या.

काका ओठ वाचायचे. "अगं, ऐकू येत नाही. दिसतं सगळं!"

ही चेष्टामस्करी चौदा महिन्यांपूर्वी थांबली. लढाईवर गेलेला मुलगा बेपत्ता असल्याचं पत्र आलं. एकुलता एक. गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर निरोप नाही.

एका सकाळी भंगारवाल्यानं नवं पोतं ओतलं. काकांनी सहज एक पुंगळी कानाशी धरली, पोरं शंख धरतात तशी, आणि ते थबकले.

"यात कुणीतरी खोकतंय."

काकू व्यवहारी बाई. त्यांनी त्या पुंगळीला आतून खिळ्यानं ओरखडा काढला, ती ढिगात मिसळली आणि काकांच्या हातात एकेक पुंगळी पुन्हा द्यायला लागल्या. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा नेमक्या त्याच पुंगळीला काका म्हणाले, "हा खोकणारा." मग ती धुऊन दिली. काकांनी मान हलवली. "गेला." धुतलेल्या पुंगळीत काही उरत नसे. काकूंना मात्र कशातच काही ऐकू आलं नाही.

लेथ बंद पडला. काका पोतीच्या पोती कानाला लावत बसले. कुणी रडत असे, कुणी नुसतंच आईला हाक मारी. ते कुणाला शोधताहेत, हे काकूंना सांगावं लागलं नाही. त्या मनातल्या मनात देवाला विनवत राहिल्या, आमचा यात नसू दे रे.

चौथ्या पोत्यात तो सापडला.

मुलाच्या पुढच्या दोन दातांत फट होती. धाप लागली की श्वासाबरोबर बारीक शीळ यायची. काकांनी ती तोंडानं करून दाखवली. हुबेहूब. आता बघा, काकांचे कान गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. दुधाचे दात पडून नवे आले ते पुढे. ती शीळ काकांनी जन्मात ऐकलेली नव्हती.

काकूंनी दुकानाचं दार लावून घेतलं.

बाकीच्या पुंगळ्यांत रोज तेच ते असायचं. ही मात्र पुढे सरकत होती. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "धावतोय." दुसऱ्या दिवशी, "पडला. उठला." तिसऱ्या दिवशी त्यांनी बराच वेळ पुंगळी कानावरून काढली नाही.

"लपलाय. श्वास दाबून धरलाय. बूट वाजताहेत."

"किती जवळ?"

"उद्या कळेल."

"आणि त्यांना सापडला तर?"

काकांनी ओठ वाचले. पुंगळी फळीवर ठेवून दिली.

काकूंना तो उद्याच नको होता. सकाळी काका तोंड धुवायला गेले तशी त्यांनी पुंगळी उचलली. धुतली की आतलं सगळं थांबतं, हे त्यांनी स्वतः पारखलं होतं. मग थांबू दे की. लपलाय तिथेच राहू दे त्याला. "देवा, एवढं लेकरू झाकून घे," असं म्हणत त्यांनी ती टबात सोडली. आदल्या दिवशी भिजत घातलेल्या पुंगळ्यांत ती मिसळून गेली.

बुडबुडे आले. ते येतातच, आतली हवा सुटते. करंगळीएवढी पुंगळी ती, चार बुडबुड्यांत रिती होते.

हे संपेनात.

काकूंनी हात घातला. सगळ्या सारख्याच. चाळणीनं त्यांनी सगळ्या उपसल्या आणि फरशीवर पसरल्या. टबात नुसतं पाणी उरलं. निळा तळ स्वच्छ दिसत होता.

बुडबुडे येतच होते.

काका ओल्या तोंडानं दारात उभे होते. फरशीवरची एकेक पुंगळी त्यांनी कानाला लावून खाली ठेवली. मग गुडघे टेकून टबालाच कान लावला.

काकूंनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. "अहो, बूट?"

"गेले. त्याला न बघताच लांब निघून गेले."

"मग? सुटला ना तो?"

"पाणी आहे," काका म्हणाले. "सगळीकडून पाणी आलंय."

काकू टब उलटा करायला धावल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं. पाण्याबरोबर तोही वाहून गेला तर?

दोघं टबाच्या दोन बाजूंना बसून राहिली. दारावर गिऱ्हाइकं थाप मारून परत गेली. बुडबुडे एकामागून एक येत होते.

दुपारनंतर बुडबुड्यांमधलं अंतर वाढायला लागलं.