मोरोचाचं वजन

पायसांदू शहराच्या प्राणिसंग्रहालयातली मोरोचा हत्तीण ब्राझीलच्या अभयारण्यात जायची, तर तिचा इतिहास कागदावर हवा होता: कधी आली, कुठून आली, तिच्याआधी किती होत्या. हे काम नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या नेल्बा रेकोबाच्या गळ्यात पडलं. मोरोचाचे सांधे धरले होते. थंडीआधी निघाली नाही तर हा हिवाळा काढायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

दप्तर उघडलं आणि नेल्बाने कपाळावर हात मारून घेतला. एक हत्तीण मेली की दुसरी आणायची आणि तिचंही नाव मोरोचाच ठेवायचं, ही इथली जुनी रीत. का, तर मुलांनी रडू नये. १९१४ पासून, आताची धरून, अशा चार मोरोचा आल्या. आल्याचे चारही कागद सापडले, बोटीचे आणि रेल्वेचे. मेल्याचा एकही नाही. पुरल्याचा नाही, हाडं कुणाला दिल्याचाही नाही. एवढं मोठं धूड गेलं कुठे?

हत्तीखान्याचे निवृत्त रखवालदार एरिबेर्तोकाका अंगणात कडू चहाचा तुंबा घेऊन बसले होते. तो नेल्बाच्या हाती देत ते म्हणाले, "आम्ही मुलांना सांगायचो, मोरोचा मेली नाही, झोपलीय. मुलांबरोबर तीही ऐकायचीच की."

म्हातारा वयाने भ्रमलाय, असं म्हणून नेल्बा परतली.

निघायच्या दिवशी मोरोचा शहाण्यासारखी पिंजऱ्यात चढली. बाजाराच्या वजनकाट्यावर ट्रक उभा राहिला आणि काटेवाला पुन्हा पुन्हा चष्मा पुसू लागला. ट्रक आणि पिंजरा वजा जाता हत्तीण तीन टन भरायला हवी होती. भरली बारा.

"हिने ट्रॅक्टर गिळलाय का?" ड्रायव्हर मिल्टन म्हणाला. दुसऱ्या काट्यावर नेली, तिथेही बारा.

नेल्बाने परवान्याचा कागद पुढे ओढला. पण बारा टनांची एक हत्तीण सरहद्दीवर कोण सोडणार? आणि चार लिहाव्यात, तर दिसत होती एकच. तिने लिहिलं: हत्तीण एक, वजन तीन टन. सही ठोकली.

पाचव्या दिवशी फोन आला. मोरोचा उतरली, लाल मातीत लोळली, पोटभर चरली. नेल्बाला आनंदाने रडूच कोसळलं.

पुढच्या आठवड्यात मिल्टन परतला तो थेट काट्यावर, आणि त्याने तिला बोलावून घेतलं. चढावर इंजिन धापा टाकत होतं म्हणाला. पिंजऱ्यात नुसतं गवत. काट्यावर नऊ टन जास्त.

तिने एरिबेर्तोकाकांना आणलं. काट्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रक हत्तीखान्याच्या अंगणात घ्यायला लावला, पिंजऱ्याचं दार उघडलं, फळी टेकवली आणि खाली भोपळ्याच्या फोडी ठेवल्या.

"कागदावर किती लिहिल्यास?"

"एक."

"मग तिथे एकच उतरली."

काका पिंजऱ्याकडे वळले. रोज सकाळी हाक मारायचे तशी हाक मारली. "चल, मोरोचा."

ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. फळी वाकली, पुन्हा सरळ झाली. ट्रक चार बोटं वर आला.

थोड्या वेळाने आणखी चार बोटं.

मग आणखी.

"पोरी, बाजूला हो," काका हळूच म्हणाले. "वाटेत उभी आहेस."