चढ अगदी सौम्य आहे

उत्तर न देता राहून गेलेली पत्रं ग्रंथपालाकडे पुष्कळ होती, पण झोप उडवली ती एकाच पत्रानं. साधं चार ओळींचं पत्र. कोपऱ्यात वंगणाचा काळा अंगठा उमटलेला, जणू लिहिणाऱ्यानं सहीवर विश्वास न ठेवता ठसाही देऊन टाकला होता.

‘ग्रंथालयाच्या त्रैमासिकातला डोंगरावरच्या थडग्याबद्दलचा तुमचा लेख आमच्या सायकल मंडळात मोठ्यानं वाचला. सगळ्यांना आवडला. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आम्ही सगळे सायकलनं तिथं जायचं म्हणतोय. वाट दाखवायला तुम्ही याल का? कळवावे. — चिटणीस.’

थडगं एका मोजणीदाराचं होतं. फार जुन्या काळी त्यानं लोखंडी साखळी घेऊन हा सगळा मुलूख मोजला, आणि शेवटी त्या डोंगराच्या अंगावर दमून जो बसला तो उठलाच नाही. ग्रंथपालानं त्याच्यावर आठ पानं लिहिली होती. त्यांत दरी होती, दगडावरचं शेवाळ होतं, ‘चढ अगदी सौम्य आहे’ असं एक ऐटबाज वाक्यही होतं. नव्हता तो फक्त ग्रंथपाल. तो तिथं जन्मात गेला नव्हता. लेख सगळा जुन्या पुस्तकांतून वेचलेला. आणि सायकल... सायकल त्याला येतच नव्हती.

‘नाही’ लिहावं तर उद्धटपणा, ‘हो’ लिहावं तर खोटेपणा. तो लिहायचा, खोडायचा, कागदाचा बोळा करायचा.

“अरे, चाललंय काय?” बोळे झाडता झाडता ताई म्हणाली. आई-वडिलांच्या मागे ही थोरली बहीणच त्याचं घर सांभाळत होती, आणि त्यालाही. “नोकरी सोडतोयस की लग्न करतोयस?”

“काही नाही गं, एका पत्राचं उत्तर.”

“मग काही होणार नाही,” असं म्हणून तिनं केरसुणी उचलली.

आणि खरंच काही झालं नाही. पत्र एका जाडजूड पुस्तकात जाऊन पडलं.

मग एका तापलेल्या दुपारी तो छत्री उघडून, पुस्तकात डोकं घालून घरी निघाला होता. चालता चालता वाचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हात धरायला कोणी नसल्यामुळेच तो फुटपाथवर उलट्या उभ्या केलेल्या एका सायकलवर जाऊन आदळला. छत्रीची काडी फिरत्या चाकात अडकली. छत्री गेली, पाठोपाठ पुस्तक गेलं, शेवटी तो गेला.

“तुटली का?” सायकलीच्या पलीकडून एक आवाज आला.

“नाही नाही, फारसं लागलेलं नाही.”

“तुमचं नाही हो! चाकाच्या तारेचं विचारतेय.”

पलीकडून एक चेहरा वर आला. नाकावर वंगणाचा डाग, अंबाड्यात खोचलेला छोटा पाना, आणि हसू दाबायचा मुळीच प्रयत्न न करणारे डोळे. दुकान तिचंच होतं. तिनं छत्री सोडवली, तिच्या मोडक्या काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिचं मी काही करू शकत नाही. मी दोन चाकांपर्यंतच शिकलेय.”

ग्रंथपाल काहीतरी बोलणार होता, पण त्याची नजर भिंतीवरच्या फलकावर गेली आणि तोंडातलं तोंडातच राहिलं. ‘थडगं सहल,’ फलकावर खडूनं लिहिलं होतं. ‘मार्गदर्शक : ग्रंथपालसाहेब.’

“हे... हे साहेब... येतो म्हणाले?”

“नाही म्हणाले नाहीत ना! आमच्या मंडळात नकार लेखी लागतो. ज्याचा नकार आला नाही, तो येणार. पूर्वी होकार मागवायचो, तर एकही जण कळवायचा नाही आणि निघायच्या दिवशी सगळी फौज दारात हजर! शेवटी अध्यक्षांनी नियमच उलटा केला.”



“कसे असतील हो ते?” ती हात पुसत म्हणाली. “मी काही ग्रंथालयात जात नाही. मला बसून वाचवत नाही. पण दणकट असणार गडी. तेवढा डोंगर चढून वर म्हणतात काय, तर चढ अगदी सौम्य! पोटऱ्या बघण्यासारख्या असतील.”

ग्रंथपालानं नकळत एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

“तुमची सायकल कुठंय?”

“नाहीये.”

“पण येते ना?”

“येते... म्हणजे... यायची आहे.”

ती खळखळून हसली. “उद्या सकाळी या. दुकानामागे मोकळी जागा आहे. तुम्हाला शिकवल्याशिवाय माझ्या सायकली काही सुरक्षित नाहीत.”

त्या क्षणी आपण कोण ते सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. पण ती अजून हसत होती — आणि एवढं छान हसू आपल्या हातानं कसं पुसायचं? उद्या सांगू, त्यानं ठरवलं.

उद्या उजाडला, पण सांगायला दोन्ही पाय जमिनीवर लागतात आणि त्याचे नव्हते. ती खोगीर मागून धरून पळायची, तो हँडलशी झटापट करायचा.

“समोर बघा, समोर!”

“बघतोय की.”

“माझ्याकडे बघताय.”

“तुम्ही... समोर आलात.”

“मग मी बाजूला होते,” असं म्हणून ती बाजूला झाली, आणि सायकलही निमूटपणे तिच्याच दिशेला वळून जुन्या टायरांच्या ढिगात घुसली.

टायरांतून त्याला ओढून काढताना ती म्हणाली, “एक लक्षात ठेवा. जिकडे नजर, तिकडे हँडल.” मग तिला काहीतरी उमगलं असावं. तिनं त्याचा हात जरा उशिरानंच सोडला, आणि उगाचच पंप शोधायला लागली... पंप तिच्या काखेत होता.

“कोपर सोललंय,” घरी ताई म्हणाली. “वाचता वाचता पडलास?”

“हं.”

“वंगणही लागलंय. पुस्तकांना आता तेलपाणी करतोस वाटतं!”

तो लाजून आत गेला. ताईनं मागून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती त्याला सकाळी हाका मारून लवकर उठवायला लागली.

असे दिवस गेले. तो सरळ रेषेत जाऊ लागला. वळायला अजून जमत नव्हतं, सांगायलाही नव्हतं. मग एका संध्याकाळी तिनं त्याला मंडळाच्या बैठकीलाच बसवलं. “नवं गिऱ्हाईक,” अशी त्याची ओळख करून देणार होती. टायरांच्या खोक्यांवर नकाशा पसरला होता. पाण्याच्या बाटल्या कोण आणणार, जादा ट्यूब किती घ्यायच्या, पहाटे निघून ऊन तापायच्या आत पायथा कसा गाठायचा, यावर जोरात वाद चालला होता.

“पुढे कोण ते बघा, शेवटी मीच,” ती म्हणाली. “नेहमीसारखी सगळ्यांत मागे. ज्याची हवा जाईल त्याच्या सोबतीला.”

तेवढ्यात अध्यक्ष आले. औषधाच्या दुकानाचे मालक, सगळ्यांचे काका. सत्तरी ओलांडलेले, आणि चालताना ज्यांच्या आधी त्यांचा गुडघा बोलायचा असे.

“अरे वा! ग्रंथपालसाहेब!” काका दारातूनच ओरडले. “कोपऱ्यात काय लपलाय? मंडळी, हेच ते! माझ्याकडेच खोकल्याचं औषध नेतात, पण कधी म्हणाले का, की आपण एवढे गिर्यारोहक आहोत म्हणून!”

टाळ्या पडल्या. सायकलवालीनं टाळी वाजवली नाही. आपणच टायरांतून ओढून काढलेल्या माणसाकडे ती नुसती बघत राहिली.

“साहेब,” मग ती फार गोड आवाजात म्हणाली, “चढ कसा आहे म्हणालात?”

ग्रंथपालानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“नाही म्हणत नाहीत, म्हणजे सौम्यच!” काका खूश झाले. “मग माझ्या गुडघ्याला वरपर्यंत न्यायला हरकत नाही. माझ्याबरोबरचे म्हातारेही येतील.”

सगळे गेल्यावर ती एका ट्यूबमध्ये हवा भरत बसली. ट्यूब फुगली, फार फुगली, तरी ती थांबेना.

“सांगणार होतो,” तो म्हणाला.

“कधी? थडग्यावर?”

“तुम्ही हसत होता... म्हणून...”

“मग सांगितल्यावर आणखी हसले असते! पोट धरून हसले असते आणि सोडून दिलं असतं.” पंप थांबला. “तुम्ही गप्प बसता, साहेब. आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात. गेला तरी होतात का तिथं?”

“नाही.”

“मग ते ‘सौम्य’ कुठून आलं?”

“एका जुन्या प्रवाशानं लिहून ठेवलंय.”

“तो कशावर बसून गेला होता?”

“घोड्यावर.”

“आणि तुम्ही?”

“मी... खुर्चीवर.”

तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिनं तो लगेच जागेवर आणला. “उद्या शिकवणी नाही,” एवढंच म्हणाली.

उद्याही नव्हती, परवाही नव्हती. दुकानाला कुलूप होतं. दोन सकाळी ग्रंथपाल त्या कुलपाकडे बघून परत आला. ताईनं काही विचारलं नाही. तिनं न विचारणं म्हणजे परिस्थिती गंभीर.

तिसऱ्या दिवशी दुपारी सायकलवाली ग्रंथालयात उगवली. नाक उन्हानं लालबुंद, चपला धुळीनं माखलेल्या, गुडघ्यावर पट्टी. ती भांडायच्या तयारीनं आली होती, पण डोक्यावरच ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, त्यामुळे तिला सगळं भांडण कुजबुजत करावं लागलं.

“जाऊन आले मी,” ती कुजबुजली. “सौम्य म्हणे! शेवटची वाट अशी आहे —” तिनं हाताचा पंजा भिंतीसारखा उभा धरला. “सायकल खांद्यावर घेऊन चढले. आणि थडगं इतक्या उतारावर, की तो बिचारा मोजणीदार झोपलेलाच नाही, उभाय उभा! काकांना तिथं नेलं तर त्याच्या शेजारी आणखी एक बांधावं लागेल.”

“तुम्हाला... फार लागलं?”

“विषय बदलू नका.” मग जरा थांबून, “थोडंसं.” मग आणखी हळू, “पण जागा सुंदर आहे. दगडाला टेकून बसले. खाली सगळा मुलूख, त्यानं मोजलेला. इतका राग आला तुमचा... वाटलं, इथं ते सगळं वाचून दाखवणारं माणूस शेजारी असायला हवं होतं.”

ग्रंथपालाच्या हातातला शिक्का शाईच्या डबीऐवजी डिंकात बुडाला.

“मी काय करू?” त्यानं विचारलं.

“माझ्या पत्राचं उत्तर द्या. लेखी. गुरुवारी फलकावर शेवटची नावं लागतील. आणि ऐका, नियम बाकीच्यांना आहे तोच आहे. तुमच्यापुरता मी तो बदललाय. तुम्ही गप्प राहिलात, तर मी ‘नाही’ धरेन.”

“थडग्याचं?”

ती वळली होती. वळलेलीच थांबली. कानाच्या पाळ्याही लाल झाल्या होत्या, पण त्या काही उन्हानं भाजल्यासारख्या दिसत नव्हत्या.

“सगळ्याचंच,” ती म्हणाली. या वेळी कुजबुजायला विसरली.

“शूऽऽ!” वर्तमानपत्रामागून एक वाचक खेकसला.

त्या संध्याकाळी ग्रंथपाल टेबलाशी बसला. शेजारी सवयीनं कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला होता. ताईनं तो शांतपणे उचलला, एकच कागद ठेवला आणि बाकीचे आत नेऊन कपाटात कोंडले.

एकच कागद म्हटल्यावर खोडायला जागा नव्हती. त्यानं लिहिलं,

‘चिटणीस यांस, सप्रेम नमस्कार.

चढ सौम्य नाही. मी तिथं कधी गेलेलो नाही, लेखातलं ते वाक्य एका घोडेस्वाराचं आहे. हे पत्र मंडळात मोठ्यानं वाचावं, म्हणजे काका आणि त्यांचे सोबती पायथ्याशीच सावलीत थांबतील. मोजणीदाराबद्दल जे माहीत आहे ते मी त्यांना तिथंच आधी सांगेन.

याच्या पुढचं मोठ्यानं वाचू नये.

मला मार्गदर्शक करू नका. मला वळता येत नाही. माझी हवाही वारंवार जाते, हे आपण पाहिलंच आहे. म्हणून मला सगळ्यांत मागची जागा मिळावी, आपल्या शेजारची. ती मला त्या एका दिवसापुरती नको आहे.

मी येतो. हे ‘हो’ आहे. सगळ्याचंच.’

पाकीट चिकटवून तो उठला, तर ताई दारात चपला घालून तयार.

“दोन गल्ल्यांवर तर दुकान आहे तिचं,” ती म्हणाली. “तिकीट कशाला वाया घालवतोस? हातात नेऊन दे.”

“कोणाचं दुकान? तुला कसं...”

“अरे, मी तुझी बहीण आहे. आणि माझीही सायकल आहे. पंक्चर कुठं काढते वाटलं तुला?”

तो चाटच पडला. मग म्हणाला, “हातात न्यायला गेलो ना ताई, तर तसंच खिशात घालून परत आणेन.”

हे मात्र तिला पटलं. दोघं कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी गेले. ऊन कलतं झालं होतं, पण अंधाराचं अजून नाव नव्हतं. ग्रंथपालानं पाकीट फटीत धरलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. ताई उगाच आकाशाकडे बघत राहिली.

“‘वारंवार’ लिहिलंय मी,” तो म्हणाला. “‘अधूनमधून’ बरं दिसलं असतं का गं?”

“मला काय माहीत तू काय लिहिलंयस ते! सोड.”

त्यानं सोडलं. आत, तळाशी, टप्प असा बारीक आवाज झाला. लगेच त्याला ‘शेजारची’ या शब्दाबद्दलही शंका आली, आणि त्यानं फटीत बोटं घालून पाहिली. बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच गेली.

“येतंय का बाहेर?” ताईनं विचारलं.

“नाही,” ग्रंथपाल म्हणाला, आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखा हसला.