उसनं नाक

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याची पॅंट घोट्याच्या वर दुमडलेली होती आणि बूट हातात होते.

"तुमचं पाणी माझ्याकडे आलंय," तो दारातूनच म्हणाला. "न्यायला येता का?"

मी टाकी धुऊन काढत होते. पायात रबरी बूट, हातात पाइप, कपाळावर केस चिकटलेले. बाहेर सकाळपासून पाऊस रिपरिपत होता आणि आमच्या ब्रुअरीची मोरी तुंबली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाणी भिंतीखालच्या फटीतून गुपचूप शेजारी निघून गेलं होतं. शेजारच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान येणार असं ताई म्हणाली होती खरी.

"खूप आलंय का?" मी नळ बंद करत विचारलं.

"खूप नाही. पण ज्या निवांतपणे पसरलंय, त्यावरून मुक्कामाचा विचार दिसतोय."

मी बादली आणि पोछा घेऊन त्याच्या मागे गेले. त्यानेही बाह्या सरसावल्या. फ्रेमचे खोके वर उचलून ठेवले, पाणी ओढून काढलं, मग तो मोरी मोकळी करायला माझ्याबरोबर परत आमच्याकडे आला. काम संपलं तरी तो रेंगाळला. इकडेतिकडे बघत, मान जराशी वर करून...

"एक विचारू? इथे लोण्याची बिस्किटं वगैरे भाजता का?"

"नाही. फक्त बिअर. का?"

"मग लोण्याचा वास कुठून येतोय?"

माझ्या हातातला पोछा तिथेच थांबला.

बिअर आंबत असताना यीस्टचं काम अर्धवट राहिलं, की तिला लोण्याचा वास येतो. वेळेत कळलं तर दुरुस्त करता येतं. नाही कळलं तर सगळी टाकी मोरीत. आणि मी सकाळपासून त्याच टाक्यांच्या मध्ये उभी होते.

"कुठून येतोय? दाखवा मला," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण त्याने एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं. मग नाक पुढे करून तो टाक्यांच्या रांगेतून सावकाश चालत गेला आणि कोपऱ्यातल्या टाकीपाशी थांबला.

"इथून."

मी नळाला पेला लावून थोडी बिअर काढली. "खूप येतोय, की थोडा? खरं सांगा."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले, पेला नाकाशी नेला. "सिनेमागृहाचं दार उघडलं की आतून मक्याच्या लाह्यांचा वास येतो ना... खाऱ्या, लोण्यातल्या. तसा. पण दार अर्धवटच उघडल्यासारखा."

म्हणजे अजून वेळ होता. मी पटकन टाकीचं तापमान थोडं वाढवलं. ऊब मिळाली की यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि तो लोण्याचा अंश खाऊन टाकतं. हे सगळं त्याला समजावून सांगताना मी तोच पेला पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते. त्याने ते पाहिलं, पण विचारलं नाही. म्हणूनच की काय, मीच बोलून गेले.

"मला वास येत नाही. मध्ये ताप आला होता... तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात येईल परत. कधी ते सांगत नाहीत."

"घरी माहीत आहे?"

"ताईला नाही. ही ब्रुअरी आम्हा दोघींची आहे. तिने बँकेतली नोकरी सोडली, ती माझ्या नाकाच्या भरवशावर. गिऱ्हाइकांना सांगत असते, आमच्या बारकीचं नाक म्हणजे... आता घरातलं नाकच गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

तो हसला नाही. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी झाले.

"परवा येऊन पुन्हा हुंगाल का?" मी विचारलं. "वास गेला की नाही, ते मला कळणार नाही."

"आजवर लोक मला डोळे दाखवायला आलेत," तो म्हणाला. "नाक मागायला कुणी आलं नव्हतं." आणि बूट हातात घेऊन तो तसाच अनवाणी निघून गेला.

ठरल्याप्रमाणे तो आला. सिनेमागृहाचं दार आता पूर्ण बंद झालंय, म्हणाला, लाह्या गेल्या. मग दुसऱ्या टाकीसाठी आला, मग तिसऱ्या. मग टाकीचं निमित्त नसतानाही. ताई दुपारी पिंपं पोचवायला टेम्पो घेऊन गेली की भिंतीवर दोनदा टकटक व्हायची. मी उलट टकटक केली की चष्मेवाला हजर.

त्याची एक पद्धत होती. दुकानात तो डोळ्यांपुढे भिंगं बदलतो तसेच दोन पेले समोर ठेवायला लावायचा. "आता मला विचारा."

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता?"

"आता... दोन्ही सारखीच. नाही, थांबा. दुसऱ्यात पावसात भिजलेली दोरी आहे."

भिजलेली दोरी, नव्या वहीची पानं, करपलेल्या पावाची कड, संत्र्याचं साल नखाने ओरबाडल्यावरचा पहिला क्षण. मला काहीच जाणवत नव्हतं, पण तो बोलू लागला की मला आठवायचं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वाळक्या फुलांची पिशवी मी त्याच्यापुढे धरायची, तो सांगायचा आणि मी माझ्याच कामाचे वास त्याच्या तोंडून परत शिकायची.

वास घेताना तो नेहमी चष्मा काढायचा. एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "डोळे मध्येमध्ये करतात." चष्म्याशिवाय त्याचा चेहरा फार उघडा दिसायचा, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा. याला आता काही दिसत नाही असं समजून मी मनसोक्त बघत बसले होते.

"माझा नंबर लांबचा आहे," पेल्यावरून नजर न उचलता तो म्हणाला. "जवळचं मला चष्म्याशिवाय उत्तम दिसतं."

मला एकदम एका टाकीचा पट्टा घट्ट करायचा असल्याचं आठवलं.

एकदा त्याने विचारलं, "एवढी यातायात कशाला? मोठ्या कारखान्याची बिअर कुठेही घ्या, तीच चव. मी दर वेळी वेगळा चष्मा दिला तर लोक मला धरून मारतील."

"कारखान्याला सांगून बघा, की मागच्या खेपेची जरा कमी कडू लागली," मी म्हणाले. "कुणी ऐकणार आहे का? इथे सायकलवाले काका पेला ठेवतात आणि सांगतात, पोरी, या वेळी हात आखडलास. पुढच्या खेपेला मी मूठभर हॉप्स जास्त टाकते. मग ते काही बोलत नाहीत, फक्त दुसरा पेला मागतात. मला ते... ते फार आवडतं."

"काका?"

"दुसरा पेला."

त्यावर तो बराच वेळ हसत राहिला. मला वाटलं, या माणसाला रोज एकदा तरी हसवता आलं पाहिजे.

मग ताईने ती बातमी आणली. नदीकाठच्या मोठ्या रेस्टॉरंटची मालकीण आमची काळी बिअर चाखायला येणार होती. तिला पसंत पडली तर वर्षभर तिच्याकडे आमचीच बिअर. नाही पडली, तर हे वर्ष काढणं अवघड, हे ताई बोलली नाही; पण टेम्पोच्या किल्ल्या ती उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"दोन पिंपं तयार आहेत. कुठलं फोडायचं, तू ठरव," ती म्हणाली. "ती दुपारी येतेय."

मी दोन्हीतून पेले काढले. एक नाकाशी नेला. पाणी. दुसरा नेला. पाणी. भिंतीपलीकडे चष्मेवाल्याकडे गिऱ्हाईक होतं. एक आजोबा मोठमोठ्याने अक्षरं वाचत होते. ताई माझ्याकडे बघत होती.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं तर नाक नसूनही उघडलं. मी सगळं सांगून टाकलं. ताप, डॉक्टर, लोणी, सगळं.

ताई माल्टच्या, मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, पोत्यावर मटकन बसली. मला वाटलं, आता रडणार. तिने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच ना?"

"एवढंच?"

"अगं, तू पेला तोंडाला लावून भलतीकडेच बघत असायचीस. कशाला हो नाही, कशाला ना नाही. मला वाटलं तुला कंटाळा आला. मी तुझ्या भावजींना सांगून बसले, बारकी सोडून जाणार, आपण एकटे पडणार." तिचा आवाज आता कापायला लागला होता. "झोप उडाली होती माझी. आणि तू नाक घेऊन बसलीयस."

"नाक नाही म्हणून बसलेय."

मग आम्ही दोघी त्या पोत्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. डोळे पुसत ताईने विचारलं, "आणि तो चष्मेवाला माझी पाठ वळली की येतो, तो?"

"तुला कसं—"

"सायकलवाले काका. बोल."

"तो नाक म्हणून येतो."

"नाक म्हणून," ताई म्हणाली. "मला वाटलं, डोळे म्हणून."

तिनेच भिंतीवर टकटक केली. आजोबांना नवी अक्षरं वाचायला लावून तो धावत आला, दोन्ही पेले हुंगले आणि म्हणाला, "दुसरं. पहिल्यात करपलेला पाव जरा पुढे पुढे करतोय." आम्ही दुसरं पिंप फोडलं. रेस्टॉरंटच्या मालकिणीने पहिला घोट घेतला, मग पेला रिकामा करून पुढे सरकवला आणि आणखी मागितली. ताईने काउंटरखाली माझा हात इतका घट्ट धरला की बोटं वळली.

माझा वास परत आला तो त्यानंतर काही दिवसांनी, अगदी भलत्या ठिकाणी. रस काढून झालेल्या जवाचा चोथा ड्रममध्ये राहून आंबला होता. झाकण काढलं आणि भपकन आला... कुजका, आंबट, डोक्यात जाणारा. मी ड्रमवर वाकून पुन्हा पुन्हा श्वास घेतला आणि तिथेच रडू लागले. चष्मेवाला आला तेव्हा मी त्याला ओढत ड्रमपाशी नेलं.

"घाण येतेय," मी म्हणाले. "किती घाण येतेय बघा."

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला, अगदी खराखुरा. आणि लगेच थोडासा... मावळला.

"छान झालं," तो म्हणाला. "म्हणजे माझी नोकरी गेली."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी टकटक झाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी टकटक केली तर पलीकडून नुसतं, "गिऱ्हाईक आहे हो." वास रोज थोडा थोडा परत येत होता, आज हॉप्स, उद्या साबण, पण मिळालेलं सांगायचं कुणाला? ताई दोन दिवस माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बारके, तुझे डोळे तपासून घे."

मी गेले. दुकानात कुणीच गिऱ्हाईक नव्हतं. तो एकाच फ्रेमचा स्क्रू काढत होता आणि लावत होता.

"डोळे तपासायचेत," मी म्हणाले.

त्याने मला खुर्चीत बसवलं, भिंगांची जड चौकट डोळ्यांवर ठेवली. त्याची बोटं कानामागे क्षणभर थांबली. "समोरची ओळ वाचा."

"तुम्ही येत का नाही?"

"असं काही लिहिलेलं नाही तिथे."

"मला तेवढंच दिसतंय."

भिंग बदललं. खट्. "हे बरं, की हे?"

"आधीचं बरं होतं. रोज दुपारचं."

त्याने हातातलं भिंग परत खोक्यात ठेवलं. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. "तुम्हाला नाक हवं होतं," तो म्हणाला. "ते मिळालं. आता कुठल्या कारणाने यायचं... ते मला सुचेना. आणि कारण नसताना येतो म्हटलं, आणि तुम्ही नुसतं बरं म्हणालात तर?"

मी चौकट काढून मांडीवर ठेवली. तो फक्त नाकापुरताच येत होता की काय, ही माझ्या मनात इतके दिवस घोळणारी भीती; ती अशी दोन्ही बाजूंनी सारखीच होती तर. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसू आवरेना.

"कारण नकोच," मी म्हणाले. "ये."

तो बघतच राहिला. "ये म्हणालीस?"

"ये म्हणाले. आता तुझ्या नाकाशी माझं काही काम नाही. तरी ये."

त्याने हळूच चष्मा काढला, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला आणि माझा हात हातात घेतला.

"मग एक सांगायचं राहिलंय," तो अपराध्यासारखा म्हणाला. "रागावू नकोस. मला... बिअर आवडत नाही."

"काय?"

"अजिबात नाही. कडू लागते."

"आणि इतके दिवस इतके पेले?"

"हुंगत होतो. तू बघत असलीस तरच प्यायचो."

मी कपाळावर हात मारला. शहरभर चवीने बिअर पिणारी इतकी माणसं, आणि माझ्या नशिबात हा. "मग तुला आवडतं तरी काय?"

"चहा. तू करणार असशील तर."

"मला चहा नीट जमत नाही. ताई म्हणते, नुसतं रंगीत पाणी होतं."

"मग मी करतो," तो म्हणाला, आणि उठून दुकानाच्या दारावरची पाटी 'बंद' कडे फिरवली.