सुधींद्रने दिलेला खो

विश्वास बसला नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

गेल्या जानेवारीत, पोंगलची सुट्टी संपल्या संपल्या, चेन्नईजवळ तांबरमच्या एका शाळेच्या मैदानावर हे घडलं. संध्याकाळी, चांगल्या उजेडात, चारचौघांत.

अमोघ माझा मावसभाऊ. मूळचा सांगलीचा, कॉलेज मात्र चेन्नईत. तिथे त्याला सुधींद्र भेटला, तंजावरच्या मराठी घरातला. दोघे एकाच वर्गात, खो-खोच्या एकाच संघात. पुढे अमोघ ओरगडमला कारखान्यात लागला. सुधींद्र शाळेत पीटीचा मास्तर आणि खो-खोचा कोच झाला. लग्न नाही, संसार नाही. अमोघकडे आला की त्याच्या लेकीला, छोट्या रेवाला, खांद्यावर घेऊन नाचायचा.

"नशीबवान आहेस डा," म्हणायचा. आपण 'रे' म्हणतो तसा हा तमिळ 'डा' त्याच्या तोंडी कायम असायचा.

डिसेंबरात तो अपघातात गेला.

त्याच्या संघातल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर श्रद्धांजली ठेवली. खेळाला बसतात तशी सगळी चौकोनांत बसली. एका चौकोनात अमोघला बसवलं. डोळे मिटून शांत राहायचं होतं.

खो-खोत बसलेल्याने मागे बघायचं नसतं. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला, की उठून पळायचं. खो देणारा उठलेल्याच्या जागी बसतो.

सगळं गप्प झालं...

कावळेसुद्धा.

मागून पावलं आली... अनवाणी.

पाठीवर थाप पडली.

"खो!"

सुधींद्रचा आवाज!

आणि हा शहाणा उठला की हो! अंगात मुरलेली सवय. तीरासारखा सुटला. भानावर येऊन वळून बघतो तर...

त्याच्या चौकोनात अमोघ बसला होता.

तोच शर्ट. तोच चेहरा.

"सर, चला, कॉफी घ्या," एक बाई त्याला म्हणाल्या.

याने ओरडून ओरडून घसा फोडला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"सुध्या, अरे, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला रे मी!"

चौकोनातला 'अमोघ' तेवढा याच्याकडे वळला.

"तुला सगळं होतं डा," एवढंच म्हणाला. अमोघच्या स्कूटरवर बसला आणि अण्णा नगरला, अमोघच्या घरी निघून गेला.

मला हे कसं कळलं?

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. अमोघ समोरच सांबार-भात खात होता. माझा फोन वाजला. नंबर दिसत नव्हता.

"अरे... मी अमोघ..."

रडत रडत त्याने सगळं सांगितलं.

"दारातच उभा आहे रे. अदिती ऐकत नाही. रेवाला तरी सांग, तो मी नाही!"

मी वर पाहिलं. रेवा बापाच्या खांद्यावर चढून खिदळत होती. अदितीवहिनी कौतुकाने म्हणाली, "किती बदललाय ना हा! हल्ली घरी लवकर येतो."

तो माझ्याकडेच बघत होता.

"फोन ठेव डा," हळूच म्हणाला. "भात गार होतोय."

आणि मी ठेवला हो...

पोर इतकी हसत होती. काय सांगणार होतो मी तिला?

निघताना दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. तरी मी अंग चोरून, भिंतीला घासत बाहेर पडलो... तो तिथे उभा असला तर?