हलत्या नंदीची मान

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी सेलूतली पोरं चौकातल्या स्पर्धेसाठी लाकडी बैल सजवण्यात दंग होती. इकडे ओमप्रकाशने सुमित्राबाईंच्या टेबलावर दुकानाची किल्ली आपटली.

"हे रूपरावले देऊन द्या. पण त्याले सांगा, बॅटरी म्या नाई बिघडवली!"

सुमित्राबाई खासगी तपास करत. सोबतीला धाकटा भाऊ मधुकरराव. गुन्हेगार कोण हे मधुकरराव नेहमी सर्वांच्या आधी सांगे. आजवर एकदाही बरोबर निघाला नव्हता, पण उत्साह तिळभर कमी झाला नव्हता.

ओमप्रकाश आणि रूपराव यांचं भागीदारीतलं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रूपरावने नागपुराहून खेळण्यातल्या विमानांच्या सर्वो मोटारी आणून हलता नंदी केला. मान, कान, डोळे, जबडा, शेपटी, सगळं खटक्यांवर हले. वायरिंग आणि बॅटरी ओमप्रकाशची.

"परवा दुपारी सारं एकदम चाललं. आज मान थरथरते अन् पडते. रूपराव म्हनते, दरसाल स्पर्धा जिंकनाऱ्या लक्ष्मणरावानं मले फोडलं, म्हनून म्या मुद्दाम कमजोर बॅटरी लावली. भागीदारी आजच बंद म्हने!"

"मोटारी किती करंट खातात?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"एकटी असली त थोडासाच. साऱ्या एकदम चालवल्या का भसाभस ओढतात. म्हनून त मोटरसायकलची बॅटरी टाकली, पुरून उरते!"

"लक्ष्मणराव," मधुकररावाने निकाल दिला. "गुन्हेगार तोच."

सुमित्राबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली, चपला घातल्या आणि दोघांनाही सोबत घेतलं.

रूपरावच्या अंगणात पांढराशुभ्र, कमरेएवढा नंदी उभा होता. मधुकरराव तर बघतच राहिला. असला नंदी चौकात हलला असता, तर सेलूत वर्षभर दुसरा विषय निघाला नसता. नंदीच्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती. कुणीतरी प्रसाद सांडला असेल, असं म्हणून त्याने ती फुंकरीने उडवली.

"एकेक खटका दाब," सुमित्राबाई रूपरावला म्हणाल्या.

कान हलला. डोळा फिरला. जबडा उघडला.

"आता सगळे."

मान थरथरली, डोळे तिरळे होऊन थांबले. शेपटी मात्र झोकात हलत होती. मधुकररावाला हसू आलं, पण रूपरावचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"बॅटरी कुठे आहे?"

"पोटात," रूपराव गुरगुरला. "शेपटीची वायर सीधी तिथूनच. डोक्याची खांद्यावरून जाते. मान बसवली का पितळी पट्टीवर पट्टी टेकते."

"मान वेगळी का?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"शिंगं दारात अडकतात ना. परवा मान काढून रंगवाले माडीवर नेली. धड गोठ्यात ठेवलं. मान आज बसवली."

लक्ष्मणराव कुंपणापाशीच उभा होता. त्याचा बैल दरसाल पहिला येई.

"परवा इथे आला होतात तुम्ही?" सुमित्राबाईंनी त्याला विचारलं.

"आलतो. माडीवर डोकं पाह्यलं, वा म्हनलं, चाललो गेलो. हात कायले लावू? माह्या बैलाले मोटार लागत नाई!"

"पाहा, किती चिडला!" मधुकरराव कुजबुजला.

रूपरावची आई मनकर्णाबाई चहा घेऊन आली. कप देताना तिची पिवळी नखं दिसली.

"पोळ्याची धावपळ झाली असेल, काकू."

"झाली ना बाई. परवा सांजेले खांदशेकणी केली. गोठ्यातल्या एकाबी बैलाले सोडलं नाई. सालभर राबतात बिचारे, खांद्याले तूप-हळद लावाच लागते."

सुमित्राबाईंनी कप तसाच खाली ठेवला. त्यांचे डोळे चमकले, आणि मधुकररावाने कान टवकारले. ही चमक त्याच्या ओळखीची होती.

"सगळे जवळ या. रूपराव, बॅटरी कमजोर असती तर शेपटीही मेली असती. ती जोरात आहे. म्हणजे ताकद पोटात भरपूर आहे, डोक्यापर्यंत पोचत नाही. अडतं कुठे? खांद्यावर."

"पन एकेक त चालते!" रूपराव म्हणाला.

"शेतातल्या पाण्याच्या दांडात गाळ साचला तर काय होतं? एका वाफ्याला पाणी पुरतं. सगळे वाफे एकदम उघडले की सगळेच कोरडे. एका मोटारीला लागतो तेवढा करंट निघतो, सगळ्यांचा निघत नाही. आता हा गाळ कसला, ते मधुकरला विचारा. त्याने मुंग्या पाहिल्या."

"प्रसाद..." मधुकरराव पुटपुटला.

"तूप! परवा संध्याकाळी धड गोठ्यात होतं, उघड्या खांद्याचं. आणि काकूंनी गोठ्यातला एकही बैल सोडला नाही."

रूपरावने घाईघाईने मान उचलली. पितळी पट्ट्यांवर तूप-हळदीचा पिवळा थर चकाकत होता.

मनकर्णाबाईने तोंडाला पदर लावला. "लाकडाचा असला म्हनून काय झालं? घरचाच ना तो. त्याले एकट्याले कसं सोडू?"

रूपरावने फडक्यावर रॉकेल घेऊन पट्ट्या लख्ख पुसल्या, मान बसवली आणि सगळे खटके एकदम दाबले. मान डोलली, कान हलले, डोळे गरगरले! कुंपणापलीकडून लक्ष्मणरावाने आधी टाळी वाजवली, मग स्पर्धा आठवून हात मागे घेतले.

सुमित्राबाईंनी किल्ली रूपरावच्या हातावर ठेवली. तो ओमप्रकाशकडे वळला आणि त्याने किल्ली पुढे केली.

"म्या तुले बेइमान म्हनलं," तो म्हणाला. "आईच्या हातचं तूप, अन् शिव्या तुले. माफ कर गड्या."

ओमप्रकाशने किल्ली घेतली नाही. तो मनकर्णाबाईकडे गेला आणि तूप-हळदीची वाटी मागून आणली. पट्ट्यांपासून चांगलं हातभर दूर, नंदीच्या पाठीवर त्याने तुपाचं एक बोट ओढलं.

"काकू, पुढच्या साली इथं लावजा," तो म्हणाला, आणि मग किल्लीसाठी हात पुढे केला.